संस्था, वार्ताहर आणि बातमी

(आकाशवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या भाषणाचा मजकूर)

एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या कार्यकारी मंडळाची बैठक आपण पाहिली असेल, तर तीत एक तक्रार आपण हमखास ऐकली असेल. हिशेब मंजूर होतात, पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरते, चहा येतो आणि मग कोणी तरी ज्येष्ठ सभासद म्हणतात, "आपण वर्षभर एवढे राबतो, पण वर्तमानपत्रात त्याचा एक शब्द येत नाही." त्यावर दुसरे म्हणतात, "अहो, त्याला ओळख लागते!" आणि मग सर्वांची दृष्टी कार्यवाहाकडे वळते. माळव्यातील एका शहरातल्या जुन्या मराठी ग्रंथालयाचा कार्यवाह म्हणून ही दृष्टी मी पुष्कळ वर्षे सोसली आहे. त्या अनुभवाच्या बळावर आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, ओळख लागते हे खरे. पण ती वशिल्याची नव्हे, विश्वासाची.

मी कार्यवाह झालो तेव्हा ओळखीचा अर्थ माझ्याही मनात पहिलाच होता. वार्षिकोत्सवाचे प्रसिद्धिपत्रक मी मोठ्या हौसेने लिहीत असे. आरंभी संस्थेची उज्ज्वल परंपरा, मग अध्यक्षांचा परिचय, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पुष्पहार कोणी कोणास घातला त्याची यादी, आणि शेवटी आभारप्रदर्शन. असे चार पृष्ठांचे पत्रक मी स्वतः नेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत देत असे. दुसऱ्या दिवशी पाहावे तो काय, कोपऱ्यात तीन ओळी, आणि त्यांतही अध्यक्षांचे आडनाव चुकलेले!

एका वर्षी मी रागारागाने एका हिंदी दैनिकाच्या कचेरीत गेलो. तेथील वार्ताहर वयाने माझ्याहून लहान, पण मोठा शांत गृहस्थ होता. त्याने माझे पत्रक पुन्हा काढले, मजसमोर वाचले आणि म्हणाला, "साहब, यह तो आपके घर की बात हुई. हमारे पाठक को इससे क्या?" मला तो प्रश्न उद्धट वाटला. घरी येताना मात्र माझ्या ध्यानी आले की त्याचे उत्तर मजपाशी नव्हते. चार पृष्ठांत मी संस्थेला काय सांगावयाचे आहे तेवढेच लिहिले होते; वाचकाला काय जाणावयाचे आहे ह्याचा विचार मी केलाच नव्हता.

वस्तुतः त्याच उत्सवाच्या दिवशी आम्ही परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांसाठी वाचनकक्ष रात्री अकरापर्यंत उघडा ठेवण्याचा निर्णय जाहीर केला होता. मराठी असो वा नसो, कोणत्याही विद्यार्थ्याला तेथे विनामूल्य बसता येणार होते. ही गोष्ट माझ्या पत्रकात तिसऱ्या पृष्ठावर, पुष्पहारांच्या खाली दडली होती! मी दुसऱ्या दिवशी सहा ओळी लिहून नेल्या : कोठे, केव्हापासून, कोणासाठी, किती वेळ, आणि अधिक माहिती कोणाकडे. त्या सहा ओळी जशाच्या तशा छापून आल्या. आठवड्याच्या आत वाचनकक्षात बसावयास खुर्च्या अपुऱ्या पडल्या.

तेव्हापासून मी त्या वार्ताहराच्या कामाचा दिवस समजून घेतला. सकाळी बातमीची वाटणी होते, दुपारभर हिंडणे, सायंकाळी लेखन, आणि रात्री पाने लागतात. पाने लागण्याच्या घाईत दूरध्वनी करून "आमचे आले का हो?" असे विचारणे म्हणजे स्वयंपाक उतरविण्याच्या वेळी गृहिणीला पाककृती विचारण्यासारखे आहे. रात्री नऊला संपणाऱ्या सभेची बातमी उद्याच्या अंकात यावी असे वाटत असेल, तर निमंत्रण चार दिवस आधी पाहिजे, वक्त्याच्या भाषणाची टिपणे त्याच दिवशी दुपारी पाहिजेत, आणि सभा संपताच नेमके काय झाले हे सांगणारे एक माणूस पाहिजे. छायाचित्र दिले तर त्यातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून दिली पाहिजेत. नाव चुकले की आपण वर्तमानपत्राला दोष देतो. पण ते नाव आपल्याच पत्रकात दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेले असते, हे कितीदा आढळते! पत्रकार परिषदेचीही हीच गोष्ट. जेथे विचारण्यासारखे काही आहे आणि उत्तर देण्याची आपली तयारी आहे, तेथेच ती बोलवावी. नुसते लिखित निवेदन वाचून दाखवावयाचे असेल, तर पंधरा माणसांची दुपार कशासाठी खर्च करावी?

आता आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांच्या दृष्टीने एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. इंदूर-ग्वाल्हेरच्या, वडोदऱ्याच्या, हैदराबादच्या आपल्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या शहरांत उभ्या आहेत. पण त्यांची पत्रके बहुधा मराठीत निघतात आणि मराठी माणसांपर्यंतच पोहोचतात. आपण आपल्याच माणसांना आपलेच वृत्त कळवितो आणि शेजारी आपल्याला ओळखत नाही म्हणून हळहळतो. ह्या बाबतीत आपल्या पूर्वजांची दृष्टी अधिक विशाल होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. मराठीतील त्या पहिल्या वृत्तपत्राच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठी आणि दुसरा इंग्रजी. घरच्या माणसाला जगाचे कळावे आणि परक्याला घरचे कळावे, अशी ती सोय होती. मग आपण इंदुरात हिंदीत, वडोदऱ्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दूत दहा ओळी लिहावयास का संकोचावे? शेजाऱ्याच्या भाषेत आपले वृत्त देण्याने आपली मराठी उणी होत नाही. उलट त्या शहरात तिला मान मिळतो.

येथवर सांगितले ते चांगल्या दिवसांचे. पण संस्था आणि वार्ताहर ह्यांच्या नात्याची खरी कसोटी वाईट दिवशी लागते.

ह्या विषयाचा इतिहास सांगताना एका अमेरिकन गृहस्थाचे नाव घ्यावेच लागते. आयव्ही ली हे त्यांचे नाव. न्यूयॉर्कमध्ये काही वर्षे वार्ताहराचे काम केल्यावर त्यांनी संस्थांच्या व कंपन्यांच्या वतीने वृत्तपत्रांना माहिती पुरविण्याचा व्यवसाय आरंभिला. १९०६ मध्ये कोळसा खाणींच्या मालकांसाठी काम करीत असता त्यांनी संपादकांना आपली तत्त्वे जाहीररीत्या कळविली. त्यांचा आशय असा होता : आमचे काम गुप्त नाही, सर्व उघड्यावर चालते, आम्ही देतो ती जाहिरात नव्हे, आणि ती जाहिरातीच्या खात्यात जाण्याच्या योग्यतेची आहे असे वाटल्यास खुशाल टाकून द्या, आमची माहिती बिनचूक असेल, आणि कोणत्याही संपादकाला ती पडताळून पाहण्यास आम्ही साहाय्य करू.

त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९०६ रोजी, अटलांटिक सिटीजवळ एका पुलावरून विजेवर चालणाऱ्या आगगाडीचे डबे पाण्यात कोसळले आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्यू पावली. ती गाडी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पोटकंपनीची होती. त्या काळी रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता असा की, अपघात झाला की वार्ताहरांना दूर ठेवावयाचे आणि होईल तितके झाकावयाचे. लींनी नेमके उलट केले. त्यांनी कंपनीच्या वतीने घडलेल्या प्रकाराचे निवेदन काढले आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. त्यांचे निवेदन 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले. आज ज्याला आपण प्रसिद्धिपत्रक म्हणतो, त्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ह्या निवेदनाची गणना होते. पहिल्या पत्रकांपैकी एक पत्रक पुष्पहारांचे नव्हते, अपघाताचे होते, ही गोष्ट आपण कार्यवाह मंडळींनी मनात धरून ठेवावी.

मी स्वतः हा धडा ग्रंथातून शिकलो नाही. तो मला एका पावसाळ्याने शिकविला. आमच्या ग्रंथालयाचे छत जुने झाले होते. दुरुस्तीचा विषय तीन बैठकांत निघाला आणि तिन्ही वेळा पुढे ढकलला गेला. मग एका रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी शिपाई धावत सांगावयास आला. जाऊन पाहिले तो जुन्या ग्रंथांच्या दालनात पाणीच पाणी, आणि खालच्या फळ्यांवरची सहा-सातशे पुस्तके भिजून फुगलेली. त्यांतली कित्येक अशी की ज्यांची दुसरी प्रत मिळणे कठीण.

त्याच दुपारी तातडीची बैठक झाली. बहुमत असे पडले की, ह्याची वाच्यता करू नये. संस्थेची अब्रू जाईल, देणगीदार विचलित होतील. मीही मान डोलाविली. दालनाला कुलूप लागले. सायंकाळी त्या शांत वार्ताहराचा दूरध्वनी आला. त्याच्या कानी काही तरी गेले होते. मी म्हणालो, "विशेष काही नाही, किरकोळ गळती आहे." तो क्षणभर थांबला आणि "ठीक आहे" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पत्रात काहीच आले नाही. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पण दुसऱ्या एका पत्रात आले की, ग्रंथालयातील सहस्रावधी दुर्मीळ पुस्तके नष्ट झाली असून व्यवस्थापक तोंड लपवीत आहेत. पहिले विधान अतिशयोक्तीचे होते; दुसरे, श्रोतेहो, अक्षरशः खरे होते. त्या दिवशी ग्रंथालयाच्या दारात सभासद जमले. एका वृद्ध बाईंनी आपल्या दिवंगत यजमानांचा ग्रंथसंग्रह आम्हांला दिला होता. त्या नुसते एवढेच म्हणाल्या, "आम्हांला आधी का नाही कळवले?" मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग मी कोणाला न विचारता त्या वार्ताहराला दूरध्वनी केला. प्रथम क्षमा मागितली, आणि म्हणालो, "या. कुलूप काढतो. सर्व पाहा." तो आला. मी त्याला भिजलेली पुस्तके दाखविली, मोजलेला आकडा सांगितला, आणि दुरुस्ती तीनदा पुढे ढकलल्याचे बैठकीच्या इतिवृत्तातून वाचूनही दाखविले. त्याने विचारले, "अब क्या चाहिए?" मी म्हणालो, "पंखे, टीपकागद आणि हात." कारण ओली पुस्तके दोन-तीन दिवसांत वाळली नाहीत तर त्यांवर बुरशी धरू लागते, आणि त्यांतला एक दिवस तर आम्ही कुलपात घालविला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बातमीत आमचा दोषही होता आणि आमची गरजही होती. दोषाची चार वाक्ये वाचताना माझ्या अंगाला घाम फुटला. पण दहा वाजल्यापासून माणसे येऊ लागली. शाळांतील मुले आली, शेजारचा पंखेवाला दुकानदार चार पंखे घेऊन आला, आणि मराठीचे एक अक्षर न वाचता येणारी मंडळी पानापानांमध्ये टीपकागद घालीत संध्याकाळपर्यंत बसली. पुष्कळ पुस्तके वाचली, काही गेली. त्या पहिल्या दिवशीच दार उघडले असते तर आणखी वाचली असती, हे शल्य मात्र आजही माझ्या मनात आहे. छताच्या दुरुस्तीला पैसे पुढे त्याच माणसांकडून मिळाले, ज्यांच्यासमोर अब्रू जाईल म्हणून आम्ही कुलूप लावले होते.

एवढ्यावरून प्रामाणिकपणा ही एक युक्ती आहे, असे मात्र कोणी समजू नये. युक्ती म्हणून वापरलेला प्रामाणिकपणा फार काळ टिकत नाही, आणि ह्याचा पुरावा त्याच आयव्ही लींच्या चरित्रात आहे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर हल्ला झाला. जळत्या तंबूखालच्या एका खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. त्या खाणींत रॉकफेलर घराण्याचा मोठा हिस्सा होता. त्यांच्या वतीने लींनी जी पत्रके काढली, त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या मिळकतीचे आकडे भलतेच फुगलेले निघाले. लींचे म्हणणे असे की, मालकांनी दिले ते मी छापले. पण पडताळून पाहण्यास साहाय्य करू असे वचन देणाऱ्याने स्वतःच पडताळू नये काय? लेखक अप्टन सिंक्लेअर ह्यांनी लींच्या नावावर कोटी करून त्यांना एका विषारी वेलीचे नाव दिले, आणि ते त्यांना जन्मभर चिकटले. तात्पर्य हे की, वार्ताहरापुढे ठेवलेल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची आहे. "मला असे सांगण्यात आले" ही पळवाट त्याला नाही.

आपल्या देशात ह्याच्या नेमके उलट टोकाचे उदाहरण घडले. गांधीजी स्वतः संपादक होते. वार्ताहराला काय लागते हे ते जाणत होते. २ मार्च १९३० रोजी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण कायदा मोडणार हे आगाऊ कळविले. १२ मार्चला ते ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले. वाटेतील गावे, मुक्काम, सहकाऱ्यांची नावे, सारे उघड होते. २४ दिवसांची, सुमारे २४० मैलांची ती पदयात्रा ५ एप्रिलला दांडीस पोहोचली आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. वार्ताहराला कोठे, केव्हा आणि कशासाठी जावयाचे हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी चळवळ क्वचितच झाली असेल.

परंतु ह्या उघडपणाची कसोटी पुढे लागली. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाली. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार स्वयंसेवक धारासणेच्या मिठागराकडे निघाले. तेथे युनायटेड प्रेसचे वेब मिलर हे अमेरिकन वार्ताहर हजर होते. हात न उगारता लाठ्यांखाली पडणाऱ्या माणसांच्या रांगा त्यांनी पाहिल्या, नंतर तात्पुरत्या रुग्णालयात जाऊन जखमींची मोजदादही केली. त्यांचा मजकूर अडविण्याचा प्रयत्न झाला. तरी तो बाहेर गेला आणि जगभरच्या हजारांहून अधिक वृत्तपत्रांत छापला गेला. मिलर हे काँग्रेसचे प्रचारक नव्हते. त्यांनी काय लिहावे हे कोणी त्यांना सांगितले नव्हते, आणि त्यांनी जे लिहिले ते जगाने मानले ते ह्याच कारणासाठी. ज्या वार्ताहराला आपल्याविरुद्ध लिहिण्याची मोकळीक आहे, त्याच्याच शब्दाला आपल्या बाजूने वजन असते.

म्हणून संस्थांच्या चालकांनी काही मर्यादा स्वतःच पाळाव्यात असे मला वाटते. बातमी छापण्यापूर्वी आम्हांला दाखवा, असा हट्ट धरू नये. आकडा वा नाव तपासून हवे का, एवढे विचारावे. एखादी गोष्ट छापावयाची नसेल तर ते बोलण्यापूर्वी सांगावे आणि त्याने मान्य केल्यावरच बोलावे. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणणे न्यायाचे नव्हे. बातमीत चूक झाली तर प्रथम वार्ताहराशी बोलावे, एकदम मालकाकडे धाव घेऊ नये. आणि आपल्या पाहुणचारात चहाच्या पलीकडे काही असू नये. भेटवस्तूची पिशवी आणि पाकीट ह्यांनी पहिल्या दिवशी वार्ताहर मिंधा होतो, आणि दुसऱ्या दिवशी वाचक फसतो. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला बातमीचा वेष चढविल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० साली त्याचा अहवाल तयार केला, आणि त्यातून वाचकाच्या मनात जी शंका शिरली ती अद्याप पुरती गेलेली नाही. जाहिरात द्यावयाची असेल तर ती जाहिरात म्हणूनच द्यावी. त्यात कमीपणा नाही. पण विकत घेतलेली बातमी ही खोट्या नाण्यासारखी असते. ती चालली तर चालविणाऱ्याचा लाभ होतो, पण तिच्यामुळे बाजारातल्या खऱ्या नाण्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

आज साधने पुष्कळ झाली आहेत. प्रत्येक संस्थेच्या कार्यवाहाच्या खिशात मोबाईल आहे, छायाचित्र क्षणात जाते, आणि वार्ताहरावाचून आपले म्हणणे थेट शेकडो लोकांना कळविता येते. मग वार्ताहर कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, आपणच आपल्याविषयी सांगितलेले आणि तिऱ्हाइताने पाहून, विचारून, मोजून सांगितलेले ह्यांत जो फरक आहे, तो साधनांनी मिटत नाही. आपण सांगतो ते निवेदन. तो सांगतो ती बातमी. संकटाच्या दिवशी लोक निवेदन बाजूला ठेवतात आणि बातमी शोधतात.

आमच्या ग्रंथालयात ती वाळविलेली पुस्तके आता एका वेगळ्या कपाटात ठेवली आहेत. त्यांची पाने लहरींसारखी वाकलेली आहेत, पुठ्ठे सैल झाले आहेत, पण अक्षर वाचता येते. नवा कार्यवाह झाला की मी त्याला ते कपाट दाखवितो आणि त्याच्या हाती त्या दिवशीच्या बातमीचे कात्रण देतो. त्या कात्रणात आमच्या दोषाची चार वाक्ये आहेत. ती आम्ही कापून टाकलेली नाहीत.